लेकीच्या घरचं पाणी

मोडनिंबच्या अलीकडं, रस्त्याला लागून डाळिंबाची एक बाग आहे. तिचे मालक रावजी आबा. पाण्याच्या बाबतीत या माणसाचा शब्द म्हणजे पंचक्रोशीत शेवटचा शब्द. कुणाच्या बागेत गेले की आधी झाडाच्या बुडाजवळची माती मुठीत दाबून बघतील, मग पानांवरून एक नजर फिरवतील आणि मग बागेच्या मालकाचा उद्धार करतील. "झाडाला तहान लागल्यावर पानी देतोस व्हय रं? तहान लागायच्या आदी द्यायचं असतंय. झाड काय बोलून दावत न्हाय, मुकाट फळ गाळतंय." ऐकणारा खाली मान घालायचा, कारण त्याच्या बागेतलं फळ गळत असायचं आणि आबांच्या बागेतलं टिकत असायचं.

असा हा पाण्यातला जाणकार स्वतः मात्र दिवसदिवस पाण्यावाचून राहायचा आणि त्यात भूषण मानायचा. सकाळी चहा, दुपारी ताक, रात्री आमटी, यात पाणी नसतं तर काय असतं, असा त्यांचा सवाल. भर उन्हात बागेत राबून आल्यावरही चूळ भरून टाकायचे आणि म्हणायचे, झालं. लोक कौतुकानं म्हणत, आबांचं शरीर वेगळंच आहे. आबांनाही तसंच वाटायचं.

त्यातही एका घरचं पाणी त्यांनी कधीच प्यायलं नव्हतं, आणि ते घर होतं त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं.

लेक दिली त्या घरी बापानं अन्नपाणी घेऊ नये, नातवंडाचं तोंड पाहिलं की मगच घ्यावं, अशी जुनी रीत. गावातल्या बाकीच्यांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती. लोक लेकीकडं जाऊन आठआठ दिवस राहत, जावयाच्या पैशानं मटण खात आणि वर मीठ कमी पडलं होतं म्हणून गावात येऊन सांगत. पण रावजींच्या घराण्याची गोष्ट वेगळी. त्यांचे वडील एका उन्हाळ्यात दुधनीला लेकीची खुशाली बघायला गेले होते, म्हणजे रावजींच्या थोरल्या बहिणीकडं. पाण्याचा थेंब न घेता परत निघाले आणि स्टेशनाच्या फलाटावर आडवे झाले. लोकांनी कांदा फोडून नाकाला लावला तेव्हा कुठं डोळे उघडले. ही गोष्ट घरात दागिन्यासारखी जपलेली होती. त्यानंतर ते गृहस्थ उरलेलं आयुष्य मूतखड्यानं कण्हत होते, हा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नसे.

तेव्हा लेकीच्या, म्हणजे रेश्माच्या लग्नात रावजींनी भर मांडवात सांगून टाकलं होतं, "आता नातवंडाच्या बारशालाच तुमच्या घरी पानी पिनार." व्याही हसले, वऱ्हाड हसलं. त्याला आठ वर्षं झाली.

या आठ वर्षांत रावजी सोलापूरला पुष्कळ वेळा आले. डाळिंबाचा लिलाव आटपला की मार्केट यार्डातून रिक्षा करून जुळे सोलापूर भागात लेकीच्या दारात. आत येऊन दारालगतच्या खुर्चीत टेकायचे. रेश्मा पाण्याचा पेला आणून ठेवायची. रावजी त्याला बोट लावायचे आणि म्हणायचे, "हात लावला, पावलं." मग पाऊसपाणी, जनावरं, भावकी असं इकडचं तिकडचं बोलून उठायचे. चपला घालताना विचारायचे, "बाकी काय विशेष?" रेश्मा म्हणायची, "काय न्हाय आबा, सगळं बरं हाय." पेला मागं तसाच भरलेला राहायचा.

कधी सोबत विजयमाला, म्हणजे रेश्माची आई असायची. ती बाहेर टेकतसुद्धा नसे. सरळ स्वयंपाकघरात जायची, उभ्या उभ्या दोन पेले पाणी आणि एक कप चहा घ्यायची आणि पदरानं तोंड पुसत बाहेर यायची. रावजींना ते दिसायचं. पण रीत बापासाठी असते, आईचं कोण बघतं, असा सोयीचा अर्थ त्यांनी लावून घेतला होता.

आता गंमत बघा. ज्या लेकीच्या घरी बाप तहानलेला बसायचा, ती लेक पोटापाण्यासाठी करत काय होती? रेश्मा एका दवाखान्यात नर्स होती, आणि उन्हाळा लागला की वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना पाणी प्या म्हणून सांगणं हेच तिचं मुख्य काम. विड्या वळणाऱ्या बाया एका जागी बसून दिवस काढतात, उठायला नको म्हणून पाणी टाळतात. त्यांच्यात मांडी घालून बसायची आणि सांगायची की दुपारी डोकं ठणकतं ते नजर लागून नव्हे, पाणी पोटात नाही म्हणून. पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते, पायात गोळे येतात, चिडचिड होते, त्यातलं निम्मं दुखणं माठातल्या पाण्यानं जाईल, मग माझ्याकडं गोळी मागायला या. लघवीचा रंग बघत जा, पिवळी गर्द झाली की समजा शरीर ओरडतंय. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला तहान लागली का म्हणून विचारू नका, वय झालं की तहान कळत नाही, सरळ पेला हातात द्या. बायांना ती आवडायची. तिचं बोलणं इतकं नावाजलं गेलं की दवाखान्यानं तिचा आवाज भरून घेतला आणि भोंगा लावलेली एक रिक्षा तो आवाज घेऊन गल्लीबोळांतून फिरू लागली.

त्याच उन्हाळ्यात रावजींच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन सोलापुरातच करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं की नंतर काही दिवस ऊन नाही, धूळ नाही, प्रवास नाही. रावजी म्हणाले, लॉजवर राहतो. त्यावर विजयमालानं, जी एरवी नवऱ्यापुढं फार बोलत नसे, एवढंच सांगितलं की पोटची लेक गावात असताना लॉजवर राहिलात तर परत या घरात यायचं काम नाही. जनावरं सोडून तिला स्वतःला सोबत जाता येत नव्हतं. रावजींनी तोड काढली. ऑपरेशननंतर ते जावयाच्या घरी आले ते कडक भाकरीचं गाठोडं, शेंगाचटणीचा डबा आणि आपल्या विहिरीच्या पाण्याचा एक मोठा कॅन घेऊनच.

जावई अजिंक्य टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. साधा, मितभाषी माणूस. कॅन गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत आणताना त्याला घाम फुटला. तो एवढंच म्हणाला, "मामा, घरात पाणी आहे की."

"तुमच्या घरी हाय, पाव्हणं," रावजी म्हणाले. "माज्या न्हाय."

कडक भाकरी महिनाभर टिकते, पण तिला ओलं काहीतरी लागतं. रावजी ती चटणीबरोबर कुटूकुटू चावायचे आणि वर कॅनमधलं घोटभर पाणी घ्यायचे. आत रेश्मा दोघांसाठी स्वयंपाक करायची, बाहेरच्या खोलीत बाप बांधून आणलेलं खायचा. दवाखान्यात जाण्याआधी ती डोळ्यात औषध घालायची आणि कॉटजवळच्या स्टुलावर पेला भरून ठेवायची. संध्याकाळी आली की पेला तसाच. घरमालकाच्या दारात भाडेकरूनं राहावं तसा हा बाप लेकीच्या घरात राहत होता, आणि आपण तिचा मान राखतोय या समाधानात होता.

उन्हं चढत गेली आणि कॅन अंदाजापेक्षा लवकर संपला. तेव्हा रावजींचं लक्ष शेजारी गेलं.

शेजारच्या ब्लॉकमध्ये निंगव्वा राहायची. अक्कलकोटकडची, एकटी, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. दाराशी वाळूच्या घमेल्यात माठ ठेवून बसलेली असायची. काळा चष्मा लावून भिंत धरत येणारा म्हातारा बघून तिनं काही विचारलंच नाही. "नीर कुडी, अण्णा," म्हणाली आणि तांब्या पुढं केला. रावजींनी मान मागं टाकून घटाघटा तीन पेले घेतले. शेजारणीच्या घरचं पाणी पिऊ नये असं त्यांच्या वडिलांनी कुठंच सांगितलेलं नव्हतं.

मग रिवाजच पडला. तासा-दोन तासांनी आबा शेजारी. सुट्टीच्या दिवशी रेश्मानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं. आपल्या हातचा पेला आठ वर्षं नुसतं बोट लावून परत करणारा बाप चार पावलांवर दुसरीच्या ओट्यावर पाणी मागून पीत होता. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण पाणी पोटात जातंय ना, असं नर्सनं लेकीला समजावलं आणि तिनं खिडकी लोटून घेतली.

एका सकाळी रावजी निंगव्वाच्या ओट्यावर असतानाच भोंग्याची रिक्षा आली. "तहान लागण्याची वाट पाहू नका. घरातल्या वयस्कर माणसांची काळजी घ्या," असं रेश्मा साऱ्या गल्लीला सांगत होती. रावजींची छाती फुगली. "माजी लेक हाय ती," ते म्हणाले.

"मग ऐका की तिचं," निंगव्वा म्हणाली.

"ऐकतोय की. लई गोड बोलती."

त्या खुशीतच त्यांना निंगव्वाच्या पाण्याची तारीफ करावीशी वाटली. माणसानं दिल्याघेतल्याचं बोलून दाखवावं. त्यांनी पेला डोळ्यासमोर धरला आणि सांगितलं की निंगव्वाच्या घरच्या पाण्याला जी गोडी आहे ती काही लेकीकडच्या पाण्याला नाही. लेकीकडचं पाणी त्यांनी चाखलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

निंगव्वा इतकी हसली की तिला ठसका लागला. सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, आणि मागच्या खेपेला नेमकी निंगव्वाची मोटर जळाली होती. टाकी कोरडी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी कळशी भरून देत होती ती रेश्मा. "हे नीर तुमच्या रेश्माचंच, अण्णा," तिनं सांगितलं. "माझा नुसता माठ."

रावजींच्या हातातला पेला अर्धा होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि उठले. घरी येऊन कॉटवर बसून त्यांनी न्यायनिवाडा केला. पाणी लेकीचं होतं, पण घर निंगव्वाचं होतं. शिवाय नकळत झालेलं पाप देवही धरत नाही. तेव्हा झालं ते माफ. पण आता कळलंय, इथून पुढं नाही. बाहेर जाऊन बाटली विकत आणावी तर डॉक्टरांनी उन्हात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलेलं. जावयाला आणायला सांगावी तर ती जावयाचीच झाली. सगळे दरवाजे त्यांनी एकेक करून स्वतःच लावून घेतले आणि मोठ्या समाधानानं आडवे झाले. रात्री रेश्मानं विचारलं, आबा, पाणी पिताय ना? तर म्हणाले, "निंगव्वाकडं पितोय की." वडिलांची रीत मोडत नव्हती, खोटं बोलायला मात्र त्यांच्या रीतीत बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कोरड्या भाकरीवर राहिले. चटणी घशाखाली उतरेना म्हणून नुसती भाकरी, भाकरी उतरेना म्हणून मग तीही बाजूला. तहान मात्र म्हणावी तशी लागली नाही, आणि हा आपल्या निग्रहाचा विजय आहे असं त्यांना वाटलं. डोकं जड झालं, तोंड चिकट झालं, लघवीला गेले तर डोळ्यांत पाणी आलं. आपल्या बागेत एखादं पान एवढं मलूल दिसतं तर त्यांनी गड्याला शिव्या घातल्या असत्या.

तिसऱ्या प्रहरी निंगव्वा बघायला आली, की म्हातारा रुसला की काय. दार नुसतं लोटलेलं होतं. रावजी कॉट आणि मोरी यांच्यामध्ये फरशीवर पडलेले होते.

शुद्ध आली तेव्हा ते रेश्माच्याच दवाखान्यात होते. समोरच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. त्यात त्यांची लेक हातात पाण्याचा पेला धरून हसत होती. पोस्टराखाली तीच लेक उभी होती, पण हसत नव्हती. तरुण डॉक्टर विचारत होता की दिवसातून पाणी किती पिता. रावजींनी सवयीनं अभिमानानं सांगितलं की लेकीच्या घरी आपण पाणी घेत नाही. डॉक्टरनं आधी पोस्टराकडं पाहिलं, मग रेश्माकडं. "सिस्टर, तुमच्याच घरात?" तो म्हणाला, आणि रेश्माला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टर पुढं बोलला ते सांगण्यासारखंच होतं. मूत्रपिंडावर ताण आलाय, एक खडा दिसतोय, आणखी उशीर झाला असता तर गोष्ट हातची गेली असती. इथून पुढं गोळ्या कमी आणि पाणी जास्त. पाणी हेच औषध समजा, आणि ते रोज घ्या.

रावजींचं लक्ष वर टांगलेल्या बाटलीकडं होतं. "हे काय?" त्यांनी विचारलं. सलाईन, डॉक्टर म्हणाला.

"तोंडानं घ्यायचं न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग चालतंय," रावजी म्हणाले. नळीतून पडणारे थेंब त्यांनी एका डोळ्यानं नीट निरखले. आयुष्यभर ठिबकवर बाग जगवलेला माणूस, त्याला ते आवडलं. डॉक्टरला म्हणाले, "थेंब जरा वाडवा. मुळापत्तूर पोचंना झालंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिरा अजिंक्यनं त्यांना घरी आणून कॉटवर टेकवलं. निंगव्वा दारात येऊन बघून गेली. रेश्मानं नेहमीसारखा पेला भरून आणला आणि स्टुलावर ठेवला. रावजींनी नेहमीसारखं बोट पुढं केलं. "हात लावला, पावलं," म्हणाले.

रेश्मा आत गेली नाही. ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली, विड्या वळणाऱ्या बायांसमोर बसते तशी. आवाज तिनं चढवला नाही.

"आबा, माज्या घरी नातवंड यायचं न्हाय," ती म्हणाली. "दोन वर्सांमागंच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. आईला ठावं हाय. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाय. आमी दोघांनी ते पचवलंय. पण तुमी दर खेपंला भरला पेला तसाच ठिवून जाता, आन् तुमी गेल्यावर मला तो मोरीत वतावा लागतो."

अजिंक्य खिडकीशी, त्यांच्याकडं पाठ करून उभा होता. तो वळला नाही.

आपण लेकीचा मान राखतोय असं रावजी समजत आले होते. प्रत्येक फेरीला चपला घालताना 'बाकी काय विशेष' म्हणून विचारलेलं त्यांना आठवलं, आणि तिनं 'सगळं बरं हाय' म्हणून सांगितलेलंही आठवलं. लोकांच्या बागेतलं मलूल पान यांना बांधावरून दिसायचं. स्वतःच्या लेकीच्या तोंडाकडं आठ वर्षं बघून यांना काहीच दिसलं नव्हतं. रावजींना स्वतःची लाज वाटली, आणि अशी लाज त्यांना या वयापर्यंत कधी वाटली नव्हती.

पण सत्तर वर्षांचा हट्ट एका झटक्यात कसा सुटावा? त्याला जाताना का होईना, मानाची वाट लागते. रावजींनी घसा खाकरला.

"डाक्टर काय म्हनला गं? पानी हेच औषध म्हनला न्हवं?"

"व्हय."

"मग औषध म्हनून दे. लेकीच्या हातचं औषध घेऊ नगं म्हनून कुटं काय लिवल्यालं न्हाय."

रेश्मानं पेला उचलून त्यांच्या हातात दिला. म्हातारं माणूस असेल तर विचारू नका, पेला हातात द्या, असं ती साऱ्या गावाला सांगत होती, आणि हे तिनं स्वतःच्या घरी पहिल्यांदाच केलं. रावजी भिंतीकडं तोंड करून प्यायले. कडू काढा घ्यावा तसे सुरुवातीला डोळे मिटले होते, पण अर्ध्यावर आल्यावर त्यांनी ते उघडले. पेला रिकामा करून त्यांनी मिशा पुसल्या आणि थोडा वेळ तो तसाच मांडीवर धरून बसले.

मग त्यांनी रिकामा पेला लेकीपुढं धरला.

"औषध झालं, पोरी. आता तुज्या घरचं पानी दे."